कार्बनच्या ढालीचें आयुष्य



छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहरांतील उस्मानपुरा हा भाग यंत्रविद्या शिकणाऱ्या तरुणांच्या सदैव पायांखालचा आहे. १९६० सालीं स्थापन झालेलें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येथेंच स्टेशन रस्त्यावर आहे, आणि शासकीय तंत्रनिकेतनहि याच भागांत आहे. शहराच्या पश्चिमेस वाळूज येथें १९८५ सालापासून बजाजचा दुचाकींचा कारखाना चालूं आहे. दुचाकींचे शॉकॲब्सॉर्बर आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग करणाऱ्या एन्ड्युरन्ससारख्या उद्योगांचें माहेरघरहि तेंच. अशा गांवांतील तरुणांस दोन चाकांचें वेड लागावें यांत नवल नाहीं. त्या वेडाचा सर्वांत धसमुसळा प्रकार म्हणजे मोटोक्रॉस. २०२४ च्या जानेवारींत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलांत याच खेळाच्या सुपरक्रॉस नांवाच्या भावंडाची ‘इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग’ सुरू झाली, तेव्हां हा खेळ महाराष्ट्राच्या दारांत येऊन उभा राहिला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मोटोक्रॉस म्हणजे डांबरी रस्त्यावरची शर्यत नव्हे. मातीच्या वेढ्यावाकड्या बंद वाटेवरून, उंचवटे, खड्डे आणि चिखल यांतून हलकी गाडी अक्षरशः उडवीत नेण्याचा हा खेळ आहे. गाडीचें वजन शंभर-एकशें दहा किलोच्या आसपास असतें. पुढल्या गाडीचें मागलें चाक खडे असे भिरकावतें कीं मागून येणाऱ्यास ते गोफणीच्या दगडांप्रमाणें लागतात. उडी चुकली तर सारी गाडी इंजिनाच्या पोटावर आदळते. आणि हें पोट म्हणजे वजन वांचविण्यासाठीं मुद्दाम पातळ ठेवलेलें ओतीव धातूचें कवच. त्याला एक चीर गेली कीं तेल गळून जातें, आणि तेलाविना धांवणारें इंजिन थोड्याच वेळांत जाम होतें. तें ऐन वेगांत जाम झालें तर मागलें चाक अडकतें, आणि स्वार कोठें जाऊन पडेल याचा नेम राहत नाहीं.

म्हणून या गाडीला ढाली लागतात. इंजिनाखालीं बॅश प्लेट, फोर्कच्या नळ्यांपुढें गार्ड, ब्रेकच्या डिस्कला गार्ड, बुटाच्या घांसण्यापासून चौकटीला जपणारे पत्रे, आणि सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर एक आवरण. या ढाली ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या करण्याची रीत जुनी आहे. त्यांत आतां कार्बन फायबरची भर पडली आहे. ती काळी, तुकतुकीत, तिरप्या विणीची वस्तु तरुणाच्या मनांत भरते, आणि तिची किंमत ऐकल्यावर घरांतलें वडील माणूस एकच प्रश्न विचारतें, “टिकेल का?”

प्रश्न रास्त आहे, पण ढालीच्या बाबतींत तो अर्धाच आहे. तपेलें टिकलें म्हणजे त्याचें काम झालें. ढाल टिकली आणि मागचा हात मोडला, तर त्या टिकण्याचें काय करावयाचें? तेव्हां कार्बनचा पत्रा किती दिवस जगतो हें पाहतांना, त्याच्या मागें दडलेली वस्तु किती दिवस जगते, हेंहि त्याच हिशेबांत धरलें पाहिजे.

कार्बन फायबर म्हणजे कोळशाचा धागा. एडिसननें १८७९-८० च्या सुमारास विजेच्या दिव्यासाठीं सुताचे व बांबूचे तंतु जाळून कोळशाच्या तारा केल्या होत्या. पण त्या ठिसूळ होत्या, उजेड देण्यापलीकडे त्यांच्याकडून कोणाची अपेक्षाहि नव्हती. आजचा भक्कम धागा निराळ्या वाटेनें आला. १९६१ सालीं जपानांत ओसाका येथील आकिओ शिंदो यांनीं, ज्या कृत्रिम ॲक्रिलिक सुताचे स्वेटर विणतात त्याच जातीच्या सुतापासून तो काढण्याची कृति प्रसिद्ध केली, आणि पुढें इंग्लंडांत फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेनें ती बळकट केली. सूत ताणून धरून प्रथम दोनशें ते तीनशें अंशांवर हवेंत भाजतात. मग जेथें प्राणवायूचा शिरकाव नाहीं अशा भट्टींत हजार अंशांच्या वर तापवितात. बाकीचें सारें उडून जातें आणि कार्बन तेवढा मागें राहतो. एकेक तंतु सुमारें सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि असे तीन-तीन हजार तंतु मिळून एक पेड होतो. ओढून पाहिला तर हा धागा साध्या बांधकामी पोलादाच्या सात-आठ पट ताण सोसतो, आणि वजनानें तो पोलादाच्या पाव हिश्शाहूनहि हलका भरतो.

परंतु नुसत्या धाग्याची ढाल होत नाहीं. धाग्यांना एकत्र धरून ठेवणारी राळ लागते. येथें ती बहुधा एपॉक्सी नांवाची कृत्रिम राळ असते. ही युक्ति नवी नव्हे, आणि उस्मानपुऱ्याहून तीसेक किलोमीटरवर तिचा फार जुना दाखला उभा आहे. वेरुळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले आहेत, असें राजदेव सिंह आणि येथील विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनीं २०१६ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत दाखवून दिलें. शेंकडों वर्षें तो गिलावा दगडाला धरून आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचें श्रेय या दोघांनीं बऱ्याच अंशीं त्या तंतूंना दिलें. माती एकटी असती तर भेगाळली असती. तंतु एकटे असते तर वाऱ्यावर उडाले असते. मात्र तो गिलावा सावलींत, निवांत, भिंतीला बिलगून बसलेला आहे. त्यावर रोज गोफणगुंडे पडत नाहींत, हा फरक विसरूं नये.

याच शहराचें हिमरू कापड ज्यांनीं हातांत घेतलें असेल त्यांना दुसरी गोष्ट चटकन् समजेल. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेनें ओढलें तर तें सरळ ताण घेतें. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरपें ओढलें तर लगेच सैल पडतें. कार्बनचें कापडहि असेंच वागतें. म्हणून चांगला कारागीर एक थर उभा-आडवा, पुढचा पंचेचाळीस अंशांत तिरपा, अशी रचना करीत जातो. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांत असे बारा-पंधरा थर बसतात. या साऱ्या थरांना जाडीच्या दिशेनें मात्र एकहि धागा शिवलेला नसतो. थराला थर चिकटलेला असतो तो केवळ राळेनें, आणि या वस्तूचें मर्मस्थान तेंच.

त्या मर्मावर घाव बसल्यास काय होतें, याची किंमत एका बड्या कंपनीनें जगासमोर मोजली आहे. इंग्लंडच्या रोल्स-रॉईसनें आपल्या आर. बी. २११ या विमानाच्या इंजिनाला कार्बन फायबरचीं पंख्याचीं पातीं बसविण्याचा घाट घातला होता. वजन घटलें, ताकद चांगली भरली. मग १९७० सालीं, उडतां उडतां पक्षी आंत शिरला तर काय होईल हें पाहण्यासाठीं पात्यांवर कोंबडी फेंकण्याची चांचणी झाली, आणि पात्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. कंपनीनें टायटॅनियमचीं पातीं घेतलीं. एकंदर खर्चाचा बोजा इतका वाढला होता कीं १९७१ च्या फेब्रुवारींत तिचें दिवाळें वाजलें.

आतां एवढ्यावरून कार्बनला नालायक ठरविणें अन्यायाचें होईल, कारण दहा वर्षांनीं याच वस्तूनें उलट साक्ष दिली. १९८१ सालीं मॅक्लॅरेन संघानें कार्बन फायबरची संपूर्ण बैठक असलेली शर्यतीची मोटार उतरविली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत इटलींत मोंझा येथें जॉन वॉटसन यांची ती मोटार भयंकर वेगानें कठड्यावर आदळली. इंजिन तुटून वेगळें झालें, आणि वॉटसन आपल्या पायांनीं चालत बाहेर आले. दोन्ही ठिकाणीं कार्बन फुटलाच होता. पात्याचें काम न फुटण्याचें होतें म्हणून तें नापास झालें. मोटारीच्या कवचाचें काम स्वतः फुटून आघात गिळण्याचें आणि आंतला माणूस राखण्याचें होतें, तें त्यानें पार पाडलें. ढालीची पारख या दुसऱ्या कसोटीवर व्हावी.

धातु आणि कार्बन यांच्या स्वभावांतला भेद स्वयंपाकघरांतच पाहावयास मिळतो. पितळेचें पातेलें पडलें तर पोचा येतो. पोच्याच्या रूपानें तें घाव लिहून ठेवतें आणि पुन्हां कामाला लागतें. मातीचा माठ पडला तर एक तर कांहीं होत नाहीं, नाहीं तर केसासारखी तड जाते, आणि ती पाणी झिरपेपर्यंत दिसत नाहीं. साध्या पोलादाची तार मूळ लांबीच्या शेंकडा वीस किंवा त्याहूनहि अधिक ताणली जाते, तेव्हां तुटते. कार्बनचा धागा शेंकडा दीडच्या आसपास ताणला कीं तुटला. मध्यें वांकून राहण्याची पायरी त्याच्यापाशीं नाहीं. दगड बसला कीं वरून चकाकी जशीच्या तशी, आणि आंत थरामधून थर सुटलेला, असें पुष्कळदां घडतें. विमानवाले या अदृश्य जखमेला फार भितात.

मग लोक कार्बन घेतात तरी कशासाठीं? वजनासाठीं. तेव्हां वजनाचा हिशेब एकदां स्वच्छ मांडलेला बरा. चाळीस सेंटिमीटर लांब व पंचवीस रुंद अशी सपाट प्लेट धरूं. ॲल्युमिनियमची चार मिलिमीटर जाडीची प्लेट सुमारें १०८० ग्रॅम भरेल. कार्बनची तीन मिलिमीटरची सुमारें ४६५ ग्रॅम. बचत सहाशें ग्रॅमची, आणि शर्यतींत ती लहान नव्हे. पण चिवट पॉलिथिलीन प्लास्टिकची, तब्बल सहा मिलिमीटर जाडीची प्लेट घेतली तर ती ५७० ग्रॅम होते. म्हणजे कार्बनहून अवघी शंभर ग्रॅम जड, किमतींत त्याहून किती तरी कमी, आणि दगड बसला तर दबून पुन्हां जागेवर येणारी. हा तिसरा आंकडा दुकानांत सहसा कोणी सांगत नाहीं.

मराठवाड्याच्या भूमीचाहि विचार करावयास हवा. येथला खडक बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. तो फुटला कीं धारदार कोपऱ्यांची खडी होते. परदेशांतील कांहीं मैदानांवर मऊ माती किंवा वाळू असते. तेथें दोन-दोन हंगाम टिकलेली कार्बनची प्लेट येथल्या मुरमाड टेकडीवर तितकी टिकेल असें धरून चालूं नये. वरच्या पारदर्शक राळेचा थर आधीं खरवडला जातो, मग धागे उघडे पडतात, आणि उघड्या धाग्यांच्या कडेनें पुढचा प्रत्येक घांसा थोडेथोडे तंतु उचकटत नेतो. पावसाळ्यांत काळी माती पत्रा आणि इंजिन यांच्या फटींत शिरते व वाळून विटेसारखी घट्ट बसते. तिच्यांतले वाळूचे कण गाडीच्या प्रत्येक थरथरीबरोबर चौकट घांसतात. पत्रा काढून पाहावें, तर पत्रा ठणठणीत आणि चौकटीवर चर पडलेला! शिवाय चिखलाची ही गोधडी इंजिनाची उष्णता आंत कोंडून ठेवते. म्हणून प्रत्येक फेरफटक्यानंतर पत्रा उतरवून मागची बाजू धुणें हें काम कंटाळवाणें असलें तरी टाळण्याजोगें नाहीं.

याहून गुप्त असा एक झिजेचा प्रकार आहे. कार्बन हा विजेचा वाहक आहे. तो ॲल्युमिनियमला चिकटून बसला आणि मध्यें खारट ओल शिरली, तर तेथें विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि तींत ॲल्युमिनियम खाल्लें जातें. पांढरी भुकटी दिसूं लागते, स्क्रूचीं भोकें सैल होतात. कार्बनला मात्र कांहीं होत नाहीं. ज्याच्या रक्षणासाठीं ढाल आणली तेंच तिनें कुरतडावें, याला काय म्हणावें! उपाय सोपा आहे. चांगले कारागीर आंतल्या बाजूस कांचतंतूचा एक थर देतात. तो नसेल तर रबराची चकती किंवा फोमची पट्टी घालून धातु आणि कार्बन यांची गांठ पडूं देऊं नये.

उन्हाचें गाऱ्हाणें वेगळें. एपॉक्सी राळ सूर्यप्रकाशानें पिवळी पडते व पुढें पिठूळ होते, म्हणून वर लॅकर चढवितात. साध्या खोलीच्या उष्णतेंत सुकविलेली राळ साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यान मऊ पडूं लागते. भट्टींत तापवून पक्की केलेली राळ त्याहून पुष्कळ अधिक सोसते. मे महिन्यांत भर दुपारीं उघड्यावर ठेवलेल्या काळ्या वस्तूचें तापमान साठाच्या वर जाणें अवघड नाहीं. सायलेन्सरजवळची गोष्ट तर बोलावयासच नको. तेव्हां विकत घेतांना वीण किती देखणी आहे यापेक्षां राळ कोणती आणि ती कशी सुकविली, हें विचारावें. विक्रेत्याला तें सांगतां आलें नाहीं, तर तेंहि एक उत्तरच समजावें. बाजारांत कार्बनची नुसती छापील नक्षी असलेलें प्लास्टिकहि मिळतें, आणि वर कार्बनचा एकच थर देऊन आंत सारा कांचतंतु भरलेला मालहि. हा दुसरा प्रकार वाईटच असतो असें नाहीं, फक्त त्याला कार्बनची किंमत देऊं नये.

जुन्या मराठी ढालींत एक बारकावा असे. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या त्या ढालीला वरून चार फुल्या दिसत. त्यांच्याच आंतल्या कड्यांना हाताचे पट्टे बांधलेले असत, आणि मुठीची बोटें जेथें टेंकत तेथें एक लहानशी गादी शिवलेली असे. घाव कातड्यानें घ्यावा आणि जें उरेल तें गादीनें गिळावें, ही योजना. बॅश प्लेट इंजिनाला अगदीं चिकटून बसविली तर ती फुटली नाहीं तरी धक्का थेट कवचाला पोंचवील. मध्यें बोटभर फट, अगर दाट फोमची गादी हवीच. याच हेतूनें कसलेले कारागीर आंतल्या थरांत ॲरामिड नांवाचा चिवट पिवळा तंतु घालतात. त्यालाच केव्हलर म्हणून ओळखतात, आणि तो १९६५ सालीं अमेरिकेंत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या हातीं लागला. कार्बन फुटला तरी केव्हलर तुकडे धरून ठेवतो. धारदार ठिकऱ्या चाकांत किंवा स्वाराच्या पायांत शिरत नाहींत, हा त्याचा मोठा उपकार.

अदृश्य जखम शोधण्याची रीत आपल्या बायकांना ठाऊक आहेच. माठ घेतांना तो बोटांनीं वाजवून घेतात. कार्बनचा पत्रा काढून, धुवून, नाण्याच्या कडेनें जागोजाग हलकेच वाजवावा. जेथें थर एकजीव आहेत तेथें आवाज स्वच्छ, टणक येतो. जेथें सुटले आहेत तेथें बोदा येतो. त्या जागेभोंवतीं खडूनें रेघ ओढून ठेवावी आणि पुढल्या वेळीं ती वाढली का तें पाहावें. स्क्रूच्या भोकांजवळ बोदा आवाज आला तर वाट पाहूं नये, कारण सारा भार तेथूनच चौकटीवर उतरतो.

हाच न्याय शिरस्त्राणालाहि लागू आहे, आणि तेथें पणाला इंजिन नसून डोकें आहे. कार्बनच्या कवचाचीं हेल्मेटें हल्लीं पुष्कळ दिसतात. आंतला थर्मोकोलसारखा थर एकदां चेंगरला कीं पुन्हां फुगत नाहीं, आणि कवचाची तड बाहेरून दिसेलच असें नाहीं. मोठ्या आघातानंतर हेल्मेट कितीहि नवें दिसलें तरी तें बाजूला काढावें, आणि नवें घेतांना आय. एस. आय. चिन्ह पाहावें, १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटांना तें सक्तीचें झालें आहे. येथें काटकसर करणाऱ्या पालकानें गाडी विकून टाकलेली बरी.

मग घरांतल्या वडील माणसानें हो म्हणावें कीं नाहीं? शिकाऊ मुलाच्या गाडीखालीं, खडकाळ जमिनीवर, जाड पॉलिथिलीन किंवा ॲल्युमिनियम लावावें. पोचा दिसतो, पैसे वांचतात. सायलेन्सरच्या नळीवर प्लास्टिक वितळतें आणि धातु चटका देतो, तेथें भट्टींत पक्का केलेला कार्बन योग्य. बुटाच्या घांसण्यापासून चौकट जपण्यासहि तो चांगला, कारण तेथें घाव नसून घर्षण आहे. बॅश प्लेट कार्बनची हवीच असेल, तर ती उपभोग्य वस्तु समजून, हंगामागणिक बदलण्याची तयारी ठेवून घ्यावी. ग्रॅम-ग्रॅम मोजणाऱ्या कसलेल्या स्पर्धकाला हें परवडतें, आणि तो तसेंच करतो.

किरकोळ चीर घरीं बुजवितां येते. सैल धागे कापून, कडा उतरत्या घांसून, वर नवें कापड व राळ चढवावी. मात्र घांसतांना उडणारी धूळ अति बारीक असते, ती कातडीला खाजविते आणि छातींत जातां कामा नये. तेव्हां तोंडावर मास्क, हातांत मोजे, आणि घांसणें पाणी लावून, उघड्यावर, स्वयंपाकघरापासून दूर. धागे तुटून भोक पडलें असेल तर डागडुजीच्या भानगडींत पडूं नये. वांकलेली ॲल्युमिनियमची प्लेट भंगारवाला वजनावर घेतो, कारण ती पुन्हां वितळते. एकदां पक्की झालेली एपॉक्सी वितळत नाहीं. कार्बनचा फुटका पत्रा तो हातांत घेतो, उलटापालटा करून पाहतो, आणि परत देतो.